टवाळखोरांचा त्रास आणि चौकातली भीक : आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यातल्या एका प्रभागातले रहिवासी. कुणी निवृत्त, कुणी नोकरीवाले, दोन वकील, एक नर्स. रविवारी सकाळी बागेतल्या कट्ट्यावर बसतो आणि ज्याला गल्लीतल्या कुणाचा त्रास होतोय त्याच्याबरोबर चौकीत जातो. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की एकदाचं लिहून काढलं.

आमच्या बिल्डिंगखाली रोज रात्री पोरं दारू पीत बसतात. याला गुन्हा म्हणतात की नुसताच त्रास?

बहुतेक वेळा दोन्ही. सार्वजनिक जागी दारू पिऊन धिंगाणा घालणं महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ८५ मध्ये बसतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ मध्येही. अश्लील शिवीगाळ किंवा गाणी, कलम २९६. बाईमाणसाला उद्देशून शेरे मारले तर कलम ७९, आणि तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. धमकी दिली तर ३५१, 'भाई' म्हणून टपरीवाल्याकडून हप्ता घेतला तर खंडणी, म्हणजे ३०८. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात रहिवासी भागात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, हा नियम २००० सालापासून आहे.

पण कलमं पाठ करून चौकीत जाऊ नका. ठाणे अंमलदाराला वकिली ऐकवली की तो जास्तच सावकाश लिहितो, हा आमचा अनुभव. काय घडलं, किती वाजता, कोण होतं, तेवढं सांगा.

आणि हेही स्पष्ट सांगतो : पोरं कट्ट्यावर नुसती बसली आहेत, गप्पा मारत आहेत, कपडे तुम्हाला आवडत नाहीत, यातलं काहीही तक्रारीचं कारण नाही. त्यासाठी आम्ही येत नाही.

फोन कुणाला करायचा?

मारामारी चालू असेल, हत्यार दिसलं असेल, कुणी दारावर लाथा मारत असेल तर ११२. बायकांसाठी १८१ आणि १०९१ आहेत, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७. त्रास रोजचाच पण आत्ता जिवाला धोका नाही, असं असेल तर ११२ वर केलेल्या फोनपेक्षा चौकीतला लेखी अर्ज जास्त कामाचा. गाडी येते, पोरं पांगतात, गाडी गेली की परत येतात. अर्जाला मात्र आवक क्रमांक असतो.

पोलिसांनी एनसी लिहून घरी पाठवलं. म्हणजे वाटाण्याच्या अक्षताच ना?

हा आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. अशा गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, त्यामुळे 'आम्ही काही करू शकत नाही' हे त्यांचं वाक्य अर्धं खरं असतं. उरलेलं अर्धं ते सांगत नाहीत. एकाच माणसाविरुद्ध, एकाच जागेवरून, तीन-चार वेगवेगळ्या लोकांनी एनसी नोंदवल्या की पोलिसांच्या हातात 'चॅप्टर केस' करण्याजोगा कागद तयार होतो. जुने लोक याला 'एकशेसात करणे' म्हणतात. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १२६ झालं आहे. त्या माणसाला कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर (पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात साधारणपणे एसीपींसमोर) उभं राहून 'मी वर्षभर शांतता राखीन' असा बॉन्ड द्यावा लागतो. मोडला तर पैसे जातात, तुरुंगही होऊ शकतो. सराईत असेल तर कलम १२९, तिथे मुदत तीन वर्षांपर्यंत.

गल्लीतल्या दादाला तुरुंगाची तितकी भीती नसते जितकी दर तारखेला एसीपी ऑफिसच्या बाकावर बसण्याची असते. हे आम्ही स्वतः पाहिलं आहे.

त्याहून पुढची पायरी तडीपारी. महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमं ५५ ते ५७, जास्तीत जास्त दोन वर्षं. आणि सगळ्यात वरती १९८१ चा एमपीडीए कायदा, म्हणजे आपल्या बोलण्यातला 'झोपडपट्टीदादा कायदा', ज्यात खटल्याशिवाय बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं. ही शेवटची दोन हत्यारं कट्ट्यावर बिअर पिणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी नाहीत. दर महिन्याला कुणीतरी ती मागतोच, आम्ही नाही म्हणतो.

गुन्हा दखलपात्र असूनही पोलीस एनसीच लिहीत असतील तर वरिष्ठ निरीक्षकांना लेखी द्या. तिथे नाही झालं तर डीसीपी किंवा ग्रामीण भागात एसपी, आणि मग न्यायदंडाधिकारी. हा रस्ता कायद्यातच लिहिलेला आहे, कुणाच्या ओळखीची गरज नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे.

माझं नाव कळलं तर उद्या माझ्याच काचा फुटतील.

भीती रास्त आहे, तिला आम्ही 'घाबरू नका' असं पोकळ उत्तर देत नाही.

आवाजाच्या तक्रारीपुरता एक भक्कम आधार आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना सांगितलं की, भोंग्यांच्या आवाजाची तक्रार करणाऱ्याची ओळख पोलिसांनी पडताळत बसू नये आणि समोरच्याला कळू देऊ नये. अर्ज देताना या निकालाचा उल्लेख करा.

बाकी तक्रारींत नाव लपवणं अवघड. म्हणून एकट्याने जायचं नाही. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, खाली सही चेअरमन-सेक्रेटरींची. किंवा पाच घरांच्या पाच सह्या. चेअरमन 'माझं नाव नको' म्हणून पळ काढतात, तेव्हा आमच्या गटाचा अर्ज जातो. पाच नावांतल्या नेमक्या कुणाच्या काचा फोडायच्या हे ठरवणं कुणालाही जड जातं.

पुरावा काय लागतो?

एक शंभर पानी वही. खरंच. तारीख, वार, वेळ, काय झालं, कोणी पाहिलं, फोन केला का, कोण आलं. रोज दोन ओळी. 'नेहमीच त्रास देतात' या वाक्याला चौकीत किंमत नाही; 'मंगळवारी रात्री ११.४० ला पांढऱ्या अॅक्टिव्हावरच्या दोघांनी बाटली भिंतीवर फोडली' याला आहे.

व्हिडिओ काढायचा तर खिडकीतून, पडद्याआडून. खाली उतरून, तोंडासमोर मोबाइल धरून नाही; निम्म्या मारामाऱ्या तिथूनच सुरू होतात. मूळ फाइल मोबाइलमध्येच ठेवा, व्हॉट्सअॅपवरून फिरलेली प्रत नव्हे. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते आमचे वकील करून देतात. सीसीटीव्हीचं चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं, तेव्हा घटना घडली त्याच दिवशी सेक्रेटरींना लेखी कळवा की अमुक वेळेचं राखून ठेवा.

व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर 'बघा हे नालायक' म्हणून टाकू नका. त्यात एखादं अल्पवयीन पोर असेल तर तुम्हीच अडचणीत याल.

कोयते घेऊन आलेल्यांनी रात्री पार्किंगमधल्या गाड्या फोडल्या. पुढे काय?

गाडी हलवू नका, फोटो काढा, एफआयआर आणि पंचनामा करून घ्या. विमा कंपनीला लगेच कळवा. पॉलिसी सर्वसमावेशक असेल तरच भरपाई मिळते. नुसत्या थर्ड पार्टीवर काचेचा तुकडाही मिळत नाही. दहा गाड्या फुटल्या असतील तर दहाही मालकांनी जबाब द्यायचे. 'एकाने दिला की झालं' असं म्हणून नऊ जण झोपून राहिले, असं आमच्याकडे एकदा झालं. मग विम्याच्या वेळी नऊही जण धावत आले.

आई सत्तरीची आहे, एकटी राहते. तिला चौकीत बोलावतात.

जाऊ देऊ नका. साठीच्या पुढची व्यक्ती, कोणत्याही वयाची स्त्री, पंधराच्या आतलं मूल, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना साक्षीसाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब राहत्या घरी घ्यायचा असतो. नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९. नम्रपणे सांगा, ऐकतात. आईंना वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

सगळं मिटलं, पोरं गेली. तरी रात्री खाली आवाज झाला की छातीत धडधडतं.

हे खूप जणांना होतं आणि फारच थोडे सांगतात. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आमच्या नर्सताईंशी आधी बोलायचं असेल तर रविवारी या. त्या कुणाला 'मन घट्ट करा' म्हणत नाहीत.

आता दुसरा विषय. सिग्नलवर भीक मागणं गुन्हा आहे की नाही, एकदा सांगून टाका.

महाराष्ट्रात आहे. कायदा १९५९ चा, तेव्हाच्या मुंबई राज्याचा, आणि पुढे देशातल्या अनेक राज्यांनी तोच उचलला. विनावॉरंट पकडता येतं. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं, पुन्हा पुन्हा सापडलं तर दहा वर्षांपर्यंत. दहा वर्षं, हात पसरल्याबद्दल! वर पाहिलेल्या छेडछाडीला तीन.

व्याख्या तर अशी की गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, वस्तू विकण्याच्या निमित्ताने पैसे मागणंही भीकच. आणि उपजीविकेचं काही साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी रेंगाळणं, हेसुद्धा.

दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली; दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याचं कलम मात्र शाबूत ठेवलं. पुढच्या वर्षी जम्मू-काश्मीरमध्येही तिथला तसाच कायदा गेला. जुलै २०२१ मध्ये करोनाच्या काळात रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना हटवा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा न्यायालयाने सांगितलं की हा गरिबीचा प्रश्न आहे, त्याकडे उच्चभ्रू नजरेने पाहणार नाही. आपल्याकडे कायदा अजून जिवंत आहे.

मग फोन केला की गाडी येऊन उचलून नेईल ना?

नेईलही. मग? न्यायालयासमोर चौकशी होते, काहींना समज देऊन सोडतात, काहींना भिक्षेकरीगृहात पाठवतात. पुण्यात ते फुलेनगरला आहे, मुंबईत चेंबूरला. तिथल्या माणसाला कामाचा मोबदला म्हणून १९६४ पासून महिन्याला पाच रुपये मिळत होते. महिन्याला. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो दिवसाला चाळीस रुपये केला. बाहेर पडताना हातात काय घेऊन माणूस बाहेर पडत असेल, याचा हिशोब तुम्हीच करा. तो परत त्याच चौकात दिसतो यात नवल नाही.

मोठी बैठक किंवा पाहुणे आले की शहरं अशी मोहीम काढतात. मार्च २०२३ मध्ये नागपुरात जी-२० च्या निमित्ताने पोलीस आयुक्तांनी सार्वजनिक जागी भीक मागायलाच बंदी घातली होती.

आमच्या गटाचं ठरलेलं आहे : एखाद्याने हात पसरला म्हणून आम्ही पोलिसांना फोन करत नाही. त्याने गाडीचं दार उघडलं, अंगाला हात लावला, शाप देऊन पैसे उकळले, तर करतो. तेव्हा तक्रार त्या कृत्याची असते. सुटाबुटातल्या माणसाने तेच केलं असतं तरी केलीच असती.

पण ही सगळी टोळी असते. बायकांच्या कडेवरची मुलं भाड्याची, गुंगीचं औषध दिलेली असतात.

काही ठिकाणी असतं, म्हणून तर त्यासाठी कडक कलमं आहेत. भीक मागायला लावण्यासाठी मूल पळवलं तर किमान दहा वर्षं ते जन्मठेप; त्याला अपंग केलं तर किमान वीस वर्षं. न्याय संहितेचं कलम १३९. मुलाला भिकेला लावणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७६ खाली पाच वर्षांपर्यंत. मोठ्या माणसाला भिकेला जुंपणारा मुकादमही १९५९ च्या कायद्यातल्या कलम ११ खाली येतो.

पण 'टोळी' हा शब्द आपण फार सहज वापरतो. दुष्काळी तालुक्यातून आलेलं एकच कुटुंब तीन सिग्नल वाटून घेतं, त्यालाही आपण टोळीच म्हणतो.

मूल सतत झोपेत, अंगावर जखमा, किंवा तेच मूल रोज वेगवेगळ्या बाईकडे, असं दिसलं तर १०९८. चौक, वेळ, मुलाचं अंदाजे वय, कपडे सांगा. भीक मागणारं मूल कायद्याने 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं' मूल आहे, आरोपी नव्हे. चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं.

स्वतः मूल हिसकावू नका, बाईला घेरू नका, फोटो फॉरवर्ड करू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना 'मुलं पळवणारे' समजून गावाने ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे होते, भिक्षा मागायला आठवडी बाजारात आले होते. मोबाइलवरच्या अफवेखेरीज त्यांच्याविरुद्ध काहीही नव्हतं. आमच्या ग्रुपवर 'सावधान, टोळी फिरत आहे' असा मेसेज पडला की तो टाकणाऱ्याला आधी राईनपाडा आठवून देतो.

वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाले, कडकलक्ष्मी : यांनाही हटवायचं का?

वरची व्याख्या अक्षरशः घेतली तर पहाटे दारात दान मागणारा वासुदेवही आरोपी ठरतो. ज्या समाजांचं पोटच फिरस्तीवर होतं त्यांच्यासाठी हा कायदा किती आंधळा आहे ते यातून कळतं. मुंजीत बटूला 'भवति भिक्षां देहि' म्हणायला लावणारे आणि ज्यांच्या आजोबांनी याच पुण्यात माधुकरी मागून शिक्षण केलं ते आपण, नंदीबैलवाल्याला मात्र वॉचमनकरवी हाकलतो. सोसायटीच्या आवारात येऊ द्यायचं की नाही हा तुमचा हक्क आहे; नाही म्हणायचं तर माणसासारखं म्हणा.

सिग्नलवर तृतीयपंथी पैसे मागतात, नाही दिले तर टाळ्या, शाप, अंगचटी.

देणं ऐच्छिक आहे. काच खाली न करता हात जोडले की बहुतेक जणी पुढे जातात. जबरदस्ती झाली तर तक्रार त्या व्यक्तीची करा, समाजाची नको. ज्यांना कुणी घर भाड्याने देत नाही आणि नोकरीही देत नाही, त्यांच्यापुढे दुसरे किती रस्ते उरतात, हे तक्रार लिहितानाही ध्यानात असावं. केंद्राच्या 'स्माइल' या २०२२ मध्ये सुरू झालेल्या योजनेत तृतीयपंथी आणि भीक मागणारे, या दोघांच्या पुनर्वसनाचे भाग आहेत.

पैसे द्यावेत की नाही?

आमच्यातच यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, मुलाच्या हातात पैसे दिले की ते शाळेत जाण्याची शक्यता आणखी कमी होते. दुसरा म्हणतो, म्हातारीला दहा रुपये दिले तर कुणाचं काय बिघडलं. मुलांच्या हाती पैसे नाहीत, एवढ्यावर मात्र एकमत आहे.

इंदूरने १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरच गुन्हा दाखल करायचं ठरवलं. आमच्यातल्या एका काकूंचं माहेर तिकडचं. त्यांच्या मते चौक स्वच्छ दिसतात, माणसं कुठे गेली ते दिसत नाही. आम्हाला ते अनुकरणीय वाटत नाही.

मंदिराबाहेर एक माणूस कपड्यांची शुद्ध नसलेला, स्वतःशीच बोलत बसतो. लोक त्याला भिकारी समजून नाणी टाकतात.

त्याला नाणी नकोत, डॉक्टर हवा. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १००, हे लिहून घ्या. अशा भटक्या माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी आरोग्य केंद्रात तपासायला नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे. आधी चौकीत लेखी द्या. पोलीस 'आमच्याकडे गाडी नाही' म्हणाले तर कलमाचा आकडा शांतपणे पुन्हा सांगा. पुण्यात येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवतं. त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

उचलून न नेता एखाद्याला खरंच बाहेर काढता येतं का?

वेळ लागतो, पण येतं. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे मंदिर-मशिदींबाहेर भीक मागणाऱ्यांना तिथेच बसून तपासतात, औषधं देतात, आणि ओळख मुरली की छोटा धंदा सुरू करायला लावतात. आम्ही इतकं मोठं काही करत नाही. आम्ही कागद करतो.

रस्त्यावरच्या माणसाकडे बहुधा आधार नसतो किंवा हरवलेला असतो. आधार नाही म्हणून बँक खातं नाही, खातं नाही म्हणून संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार रुपये नाहीत, पासष्टीनंतर श्रावणबाळ नाही. आमच्या चौकातल्या एका आजींचा आधार निघायला चौदा महिने लागले, कारण बोटांचे ठसेच उमटत नव्हते. शेवटी डोळ्यांच्या बुबुळावर काम झालं. आजी अजूनही मंदिराबाहेर बसतात, पण आता फक्त गुरुवारी. 'सवय आहे रे,' म्हणतात. हे यश धरायचं की नाही यावर आमच्यात पुन्हा दोन तट.

रात्री झोपायला महापालिकेची निवारा केंद्रं आहेत. मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक असावं असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं. जवळचं कुठे आहे ते वॉर्ड ऑफिसात विचारा. कुटुंबाला, कुत्रं पाळणाऱ्याला किंवा दारू प्यायलेल्याला सहसा आत घेत नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं.

सोसायटीच्या कठड्यावर कुणी झोपू नये म्हणून टोकदार गज बसवावेत, असा ठराव आलाय.

आमचं मत विचारलंत म्हणून : नको. असे गज आधीच बसवलेल्या दुसऱ्या एका सोसायटीत मागच्या पावसाळ्यात तिथलंच पोर एका गजावर पडलं, अशी एक तक्रार आमच्याकडे आलीये. कुणाविरुद्ध लिहायची ते अजून ठरत नाहीये.

तुमच्याकडे यायचं तर काय आणायचं?

वही. आधीच्या अर्जांच्या, एनसीच्या झेरॉक्स. असतील तर मूळ व्हिडिओ असलेला मोबाइल, चार्ज केलेला. आणि शेजाऱ्यांपैकी एक जण. महापालिकेकडचं काम अडलं असेल तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्याचा अर्ज आधी भरावा लागतो, तोही आम्ही भरून देतो. पैसे घेत नाही. चहा चालतो.